आयोवातल्या छोट्या कॉलेजांची कुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन रिव्हर्स कॉन्फरन्समधल्या कुस्तीबद्दल दोन प्रकारचे मराठी वाचक सतत लिहितात. एक म्हणजे अमेरिकेत स्थायिक झालेले आईवडील, ज्यांचा मुलगा किंवा मुलगी तिथल्या शाळेत कुस्ती खेळते. दुसरे म्हणजे कोल्हापूर, सांगली, पुण्याकडचे कुस्तीशौकीन. दोघांचेही प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अमेरिकन रिव्हर्स कॉन्फरन्स म्हणजे काय? ही एखादी युनिव्हर्सिटी आहे का?

नाही. आपसात खेळण्यासाठी एकत्र आलेल्या नऊ खासगी शिक्षणसंस्थांचा हा संघ आहे. प्रत्येक संस्थेचा कारभार, पैसा आणि पदवी वेगळी असते. सामाईक असतं ते खेळांचं वेळापत्रक, काही नियम आणि कॉन्फरन्सचं विजेतेपद. स्थापना १९२२ ची. बराच काळ नावात आयोवा होतं, कारण सगळे सदस्य त्याच राज्यातले होते. २०१६ मध्ये शेजारच्या नेब्रास्कातली संस्था आली आणि २०१८ मध्ये नाव बदललं.

सदस्य असे: वेव्हर्लीचं वॉर्टबर्ग, सीडर रॅपिड्सचं को, डेकोराचं लूथर, पेलाचं सेंट्रल, इंडियानोलाचं सिम्पसन, स्टॉर्म लेकचं ब्यूना व्हिस्टा, नेब्रास्कातल्या लिंकनचं नेब्रास्का वेस्लियन, आणि मिसिसिपीकाठच्या डब्यूक या एकाच गावातली दोन, लोरास आणि युनिव्हर्सिटी ऑफ डब्यूक. नऊच्या नऊ ठिकाणी पुरुषांची कुस्ती आहे. माझ्या मते या कॉन्फरन्सबद्दल सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच. अमेरिकेत अशा अनेक कॉन्फरन्स आहेत जिथे दोन-तीनच कॉलेजं कुस्ती चालवतात आणि लढतीसाठी जोड शोधत दूरदूर फिरतात.

२. "छोटं कॉलेज" म्हणजे किती छोटं?

वॉर्टबर्गमध्ये साधारण दीड हजार विद्यार्थी आहेत आणि वेव्हर्ली गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास. बाकीची कॉलेजंही ढोबळमानाने याच मापाची. खेळांची देशव्यापी संघटना एनसीएए तीन विभागांत चालते आणि ही सगळी तिसऱ्या विभागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये येतात. टीव्हीवर दिसणारं आयोवा विद्यापीठ, आयोवा स्टेट किंवा पेन स्टेट ही डिव्हिजन वनमधली आहेत. डिव्हिजन थ्रीची सगळ्यात मोठी खूण अशी की खेळासाठी एक डॉलरही शिष्यवृत्ती देता येत नाही.

३. शिष्यवृत्तीच नाही, तर पोरं तिथे कुस्ती खेळायला जातात कशाला? आणि कॉलेजला त्यात काय मिळतं?

आधी पोरांचं. अमेरिकेत शाळेत कुस्ती खेळणारी मुलं लाखांनी आहेत आणि डिव्हिजन वनच्या जागा त्या मानाने अगदी थोड्या. राज्य स्पर्धेत पाचवा-सहावा आलेला मुलगा मोठ्या विद्यापीठात गेला तर चार वर्षं दुसऱ्याला सराव देण्यातच जाण्याची शक्यता फार. वेव्हर्लीला किंवा डेकोराला तो स्वतः मॅटवर उतरतो. पुढे शिक्षक व्हायचं, गावच्या शाळेत कुस्ती शिकवायची, हे स्वप्न घेऊन येणारेही पुष्कळ. आयोवातल्या शाळांना मिळणारे कुस्तीचे कितीतरी कोच याच कॉलेजांतून घडलेले असतात.

आता कॉलेजचं. हा मुद्दा नीट समजल्याशिवाय बाकीचं काहीच समजत नाही. ही कॉलेजं मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर चालतात. जाहीर फी वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या वर असते, पण ती पूर्ण जवळजवळ कोणीच भरत नाही. अमेरिकेतली खासगी कॉलेजं नव्या विद्यार्थ्यांना सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. समजा, सूट जाऊन एका मुलाकडून राहण्याजेवण्यासह वीस हजार डॉलर हातात आले आणि कुस्तीमुळे असे पस्तीस विद्यार्थी आले. झाले सात लाख डॉलर. कोचचा पगार, एक सहायक, मॅट, बसभाडं, गणवेश हे सगळं मिळून त्याच्या बरंच खाली राहतं. हा हिशेब केवळ समजण्यासाठी मांडला आहे, पण कॉलेजचे विश्वस्त याच पद्धतीने विचार करतात. फुटबॉलला मैदान लागतं, हॉकीला बर्फ लागतो. कुस्तीला एक मोठी खोली, मॅट आणि भिंतींना गाद्या पुरतात.

म्हणून इथला कोच अर्धा वेळ वस्ताद आणि अर्धा वेळ भरती अधिकारी असतो. उन्हाळ्यात तो गावोगावच्या शिबिरांना जातो, रात्री पालकांना फोन करतो, फीच्या सवलतीचे कागद समजावून सांगतो. यंदा किती मुलं आणायची याचा आकडा त्याला वरून ठरवून दिलेला असतो.

४. म्हणजे कॉलेजं फीसाठीच कुस्ती ठेवतात? हे खटकत नाही का?

मला खटकत नाही. राजाश्रयावर उभी असलेली कुस्ती आश्रय आटला की कशी कोलमडते, हे आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे. इथे प्रत्येक खेळाडू स्वतःच्या फीने आपल्या खेळाचा खर्च उचलतो, त्यामुळे बजेटची कात्री फिरते तेव्हा कुस्तीचा बळी सहसा पहिला जात नाही. खटकतं ते वेगळंच. भरतीचा आकडा गाठण्यासाठी चाळीस मुलं आणायची आणि दुसऱ्या वर्षी त्यातली अर्धी निघून जायची, असं जिथे होतं तिथे मुलावर कर्ज राहतं आणि पदवी हाती लागत नाही. प्रवेश घेण्याआधी पालकांनी कोचला थेट विचारावं: चार वर्षांपूर्वी आलेल्या मुलांपैकी आज किती जण तुमच्या कुस्तीच्या खोलीत आहेत? चांगला कोच याचं उत्तर नावानिशी देतो.

५. तिथली कुस्ती आपल्या मातीतल्या किंवा ऑलिंपिकच्या कुस्तीसारखीच असते का?

पुरुषांची नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं ते फ्रीस्टाइलमध्ये. अमेरिकन कॉलेजात पुरुष फोकस्टाइल खेळतात. एकेरी पट, दुहेरी पट, कलाजंग हे डाव तिथेही आहेत, पण प्रतिस्पर्ध्याला खाली आणल्यावरचा खेळ पूर्ण वेगळा. फ्रीस्टाइलमध्ये पाठ क्षणभर मॅटकडे वळली तरी गुण मिळतात आणि काही घडलं नाही तर पंच दोघांना उभं करतो. फोकस्टाइलमध्ये वरच्याने कब्जा ठेवायचा असतो आणि खालच्याने सुटायचं असतं. वर बसून काढलेल्या वेळेचं घड्याळ वेगळं चालतं. दोघांच्या वेळेतला फरक मिनिटभर किंवा जास्त झाला की एक गुण.

कुस्ती सात मिनिटांची: तीन, दोन, दोन. खाली आणण्याला २०२३-२४ च्या हंगामापासून दोनाऐवजी तीन गुण, सुटण्याला एक, खालून उलटून वर येण्याला दोन. दोन्ही खांदे एक सेकंद टेकवले की चितपट. आपल्या मातीतल्या मल्लाला खालचा खेळ परका वाटत नाही, कारण कब्ज्याची सवय असते. अडचण येते ती खालून उठण्याची. पोटावर पडून राहणाऱ्याला तिथे काहीच मिळत नाही.

६. दोन कॉलेजांची लढत कशी होते?

तिला ड्युअल म्हणतात. वजनगट दहा, १२५ पौंडांपासून (५७ किलोच्या किंचित आत) २८५ पौंडांपर्यंत (सुमारे १२९ किलो). प्रत्येक गटात एक कुस्ती. साध्या गुणविजयाला संघाचे ३ गुण, आठ ते चौदा गुणांच्या फरकाला ४, पंधराच्या फरकाला ५ आणि चितपटीला ६.

आता छोट्या कॉलेजचं खरं दुखणं बघा. एखाद्या वजनात मल्लच नसेल, तर समोरच्याला सहाच्या सहा गुण आयते मिळतात. समोरचा मुलगा पोशाख चढवून वर्तुळात येतो, पंच त्याचा हात वर करतो, तो परत जाऊन खुर्चीवर बसतो. घामाचा थेंब नाही आणि फलकावर सहा गुण. १२५ पौंडांचा मुलगा आजारी, २८५ चा शिक्षण सोडून गेलेला, की बारा गुणांची पिछाडी घेऊनच संध्याकाळ सुरू होते. कॉन्फरन्सची तब्येत कशी आहे, असं कोणी विचारलं की मी आधी हेच पाहतो: फेब्रुवारीत, दुखापतींनंतर, किती कॉलेजं दहाही वजनं भरतात? करंडकाच्या कपाटापेक्षा हे जास्त बोलकं आहे.

७. वॉर्टबर्गच सारखं जिंकतं, मग बाकीच्यांनी खेळायचं कशाला?

वॉर्टबर्गचा दबदबा खरा आहे. १९९५ ते २०१९ या पंचवीस वर्षांत डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद दोनच कॉलेजांनी वाटून घेतलं: वॉर्टबर्गने १४ वेळा आणि मिनिआपोलिसच्या ऑग्सबर्गने ११ वेळा. ऑग्सबर्ग या कॉन्फरन्समध्ये नाही. या दोघांच्या ड्युअलला "बॅटल ऑफ द बर्ग्ज" म्हणतात आणि डिव्हिजन थ्रीतली ती सगळ्यात गाजणारी लढत. वॉर्टबर्गची १४ पैकी १० विजेतेपदं कोच जिम मिलर यांच्या काळातली. ते २०१३ ला बाजूला झाले आणि एरिक केलर यांनी गाडी थांबू दिली नाही.

यामागे भूगोलही आहे. वेव्हर्लीच्या दक्षिणेला अर्ध्या तासावर वॉटर्लू, डॅन गेबल यांचं गाव. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता सुवर्ण जिंकणारा हा माणूस. त्या पट्ट्यात मूल चालायला लागलं की मॅटवर जातं.

पण बाकीच्यांसाठी हा शाप आहे, असं मला अजिबात वाटत नाही. एकाच पंचक्रोशीत एक थोर तालीम असली की शेजारच्या तालमींची पोरंही जोर वाढवतात, तसंच इथे झालं आहे. लोरासचा किंवा को कॉलेजचा १५७ पौंडांचा मुलगा जानेवारीत वॉर्टबर्गच्या मुलाशी सात मिनिटं झुंजलेला असतो, आणि मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत समोर कोण आहे याची त्याला धास्ती उरत नाही. शिवाय पदकं वैयक्तिकही असतात. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठात आलेला मल्ल ऑल-अमेरिकन ठरतो, मग त्याचं कॉलेज सांघिक यादीत कितव्याही स्थानावर असो.

८. कॉन्फरन्स जिंकली की राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो ना?

नाही. बास्केटबॉल पाहणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. कॉन्फरन्सचं विजेतेपद ड्युअलवर ठरतं. राष्ट्रीय स्पर्धेचं दार मात्र रीजनल, म्हणजे प्रादेशिक स्पर्धेतून उघडतं, आणि ते संघासाठी नाही, एकेका मल्लासाठी. तिथे आपल्या वजनात वरच्या क्रमांकांत आलेलेच पुढे जातात. कॉन्फरन्समध्ये सगळे ड्युअल हरलेल्या कॉलेजचा एकच मल्ल राष्ट्रीय विजेता होऊ शकतो. उलट, ड्युअलमध्ये अपराजित राहिलेल्या संघाचे तीनच जण पुढे गेले, असंही घडतं. ड्युअलला दहा बरे मल्ल लागतात, मार्चला चार-पाच असामान्य.

९. संघात चाळीस मुलं आणि जागा दहाच. बाकीच्या तिसांचं काय होतं?

ते ओपन स्पर्धांत खेळतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शनिवारी होणाऱ्या या स्पर्धांत एकाच वजनात एका कॉलेजचे पाच-सहा मल्लही उतरू शकतात. दुसऱ्या फळीचे ड्युअलही होतात. मुख्य जागा कोणाची, हे बहुतेक ठिकाणी आपसातल्या कुस्तीने ठरतं. मुलाला पहिल्या वर्षी किती कुस्त्या मिळतील, हा प्रश्न भेटीच्या वेळी जरूर विचारा. वर्षभर नुसता सराव करणारी मुलंच लवकर सोडून जातात (प्रश्न ४ पाहा).

१०. अमेरिकेत कॉलेज कुस्ती बंद पडत चालली आहे, असं वाचलं. खरं काय?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ते खरं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एनसीएएमध्ये कुस्तीचे साडेतीनशेच्या आसपास पुरुष संघ होते. पुढच्या दोन दशकांत त्यातले शंभराहून जास्त गेले. बोट दाखवलं गेलं ते १९७२ च्या टायटल नाइन कायद्याकडे. शिक्षणात लिंगभेद करू नये, असं सांगणारा हा कायदा आहे. त्याच्या पालनाच्या कसोट्यांपैकी एक अशी की खेळाडूंमधलं मुलामुलींचं प्रमाण विद्यार्थिसंख्येतल्या प्रमाणाशी जुळावं. फुटबॉलचा संघ शंभर मुलांचा. त्याला हात लावायची कोणाची तयारी नव्हती, म्हणून कुस्तीवर कुऱ्हाड पडली. कुस्ती कोचांची राष्ट्रीय संघटना २००२ मध्ये कोर्टात गेली आणि हरली.

मला विचाराल तर दोष कायद्याचा नव्हता, पैसा वाटणाऱ्यांच्या निवडीचा होता. त्याच संघटनेने नंतर छोट्या कॉलेजांच्या अध्यक्षांपुढे प्रश्न ३ मधला हिशेब मांडायला सुरुवात केली आणि कुस्ती नव्याने सुरू होऊ लागली. कोर्टाने जे दिलं नाही ते या हिशेबाने मिळवून दिलं.

११. मुलींच्या कुस्तीचं काय चित्र आहे?

सध्या सगळ्यात वेगाने वाढणारी बाजू हीच. एनसीएएने २०२० मध्ये मुलींच्या कुस्तीला उदयोन्मुख खेळाचा दर्जा दिला, जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण अजिंक्यपद मंजूर केलं आणि पहिली स्पर्धा २०२६ ची. आयोवातल्या शाळांत मुलींची अधिकृत राज्यस्तरीय कुस्ती २०२२-२३ च्या हंगामापासून आहे, त्यामुळे कॉलेजांना मुली घरच्या अंगणातच मिळू लागल्या. या कॉन्फरन्समधल्या अनेक कॉलेजांनी मुलींचे संघ उभे केले आहेत. प्रमाणाचा प्रश्न (प्रश्न १०) आणि भरतीचा प्रश्न (प्रश्न ३) दोन्ही एकाच खेळाने सुटतात, मग कॉलेजं मागे कशाला राहतील?

आपल्याकडच्या मुलींसाठी एक महत्त्वाचा फरक: कॉलेजात मुली फ्रीस्टाइलच खेळतात, म्हणजे ऑलिंपिकचे नियम. महाराष्ट्रात मॅटवर तयार झालेल्या मुलीला नियमांसाठी नव्याने काही शिकावं लागत नाही.

१२. वजन कमी करण्यासाठी मुलं उपाशी राहतात का? आईवडील म्हणून भीती वाटते.

भीती रास्त आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम पाच आठवड्यांत, वजन उतरवण्याच्या नादात तीन कॉलेज मल्ल गेले. त्यातला एक डिव्हिजन थ्रीचा होता. रबरी सूट घालून गरम खोलीत व्यायाम आणि अंगातलं पाणी काढणं, हे तेव्हा सर्रास चालायचं.

त्यानंतर नियम कडक झाले. सॉना, रबरी सूट आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. वजनगट वर सरकवले, सगळ्यात खालचा ११८ वरून १२५ पौंडांवर गेला. हंगामाच्या सुरुवातीला अंगात पुरेसं पाणी आहे ना, हे लघवीच्या तपासणीने बघतात, मग चरबीचं प्रमाण मोजून त्या मुलाचं किमान वजन ठरवतात. पाच टक्क्यांखाली चरबी जाऊ देत नाहीत आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवता येत नाही. ड्युअलला वजन लढतीआधी तासभरच घेतात, त्यामुळे आदल्या दिवशी सुकून रात्रीत भरून काढण्याची सोयच उरली नाही.

वजनाच्या वेळी त्वचाही तपासतात. मुलं अर्ध्या चड्डीत रांगेने उभी असतात. तपासणारा केसांत, मानेवर, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत बघतो. गजकर्णाचा एक ओला चट्टा दिसला तरी त्या दिवशीची कुस्ती गेली. तरीही दोन जेवणं चुकवणारी मुलं आजही आहेत. मुलगा फोनवर सतत चिडचिडा वाटू लागला तर कोचशी बोला. इतक्या छोट्या कॉलेजात कोच फोन उचलतो.

१३. छोटी कॉलेजंच बंद पडत आहेत. मग कुस्तीचं भवितव्य काय?

मला सर्वांत जास्त काळजी याचीच आहे. आयोवातल्याच माउंट प्लेझंटचं आयोवा वेस्लियन २०२३ मध्ये बंद झालं. ते या कॉन्फरन्समध्ये नव्हतं, पण कुस्ती तिथेही होती. कॉलेज बुडालं की संघ चांगला होता की वाईट, याला काही अर्थ राहत नाही. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत जन्म घटले आणि त्या पिढीची मुलं आता अठराची होत आहेत. मुलं कमी, कॉलेजं तेवढीच.

कोविडचा फटकाही लक्षात ठेवायला हवा. मार्च २०२० मध्ये डिव्हिजन थ्रीचे मल्ल राष्ट्रीय स्पर्धेसाठी सीडर रॅपिड्सला पोचले होते आणि आदल्या दिवशी स्पर्धा रद्द झाली. २०२१ मध्ये एनसीएएने ती घेतलीच नाही. तेव्हा कोचांच्या संघटनेने कोरलव्हिलला पर्यायी स्पर्धा भरवली.

मुलासाठी कॉलेज निवडताना संघाच्या आधी कॉलेज बघा: दर वर्षी प्रवेश वाढतात की घटतात, कोणते विषय नुकतेच बंद केले, मान्यता देणाऱ्या संस्थेने इशारा दिला आहे का. हे सगळं जाहीर असतं.

१४. डिव्हिजन वनमध्ये आता खेळाडूंना पैसे मिळू लागले. त्याचा इथे परिणाम होतो का?

थेट नाही. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर डिव्हिजन वनची विद्यापीठं खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ शकतात. डिव्हिजन थ्री त्यात नाही. मात्र त्या तडजोडीत सामील विद्यापीठांवर कुस्तीसाठी तीस मल्लांची मर्यादा आली, आणि मर्यादेबाहेर राहिलेल्या मुलांना कुठेतरी जावंच लागणार. त्यातले काही या कॉन्फरन्सच्या दारात येतील. स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावण्याची मुभा डिव्हिजन थ्रीतही आहे, पण विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी त्या वाटेला जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

१५. १९४७ चं राष्ट्रीय विजेतं कॉर्नेल याच कॉन्फरन्सचं ना?

आज नाही. आयोवातल्या माउंट व्हर्ननचं कॉर्नेल कॉलेज (न्यूयॉर्कचं कॉर्नेल विद्यापीठ वेगळं) २०१२ मध्ये ही कॉन्फरन्स सोडून मिडवेस्ट कॉन्फरन्समध्ये गेलं. पण १९४७ ची गोष्ट सांगायलाच हवी. तेव्हा विभाग नव्हते, सगळी विद्यापीठं एकाच मैदानात होती, आणि या छोट्याशा कॉलेजने एनसीएएचं सांघिक विजेतेपद जिंकलं. त्याच वर्षी देशातली हौशी मल्लांची स्पर्धाही मारली.

१६. कॉलेजात फोकस्टाइल खेळताना मुलगा फ्रीस्टाइलच्या स्पर्धा खेळू शकतो का?

हो. कॉलेजचा हंगाम मार्चमध्ये संपतो. वसंत आणि उन्हाळ्यात बरेच मल्ल क्लबकडून फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन खेळतात.

१७. आमच्या तालमीतला पोरगा अभ्यासातही हुशार आहे. त्याला अशा कॉलेजात पाठवता येईल का? दंगलीत इनामं घेतली आहेत, ती आड येतील का?

पाठवता येईल, पण पैशाचं गणित आधी करा. कुस्तीसाठी मदत मिळणार नाही (प्रश्न २). गुणवत्तेवर मिळणारी सूट परदेशी विद्यार्थ्यालाही मिळू शकते, मात्र सरकारी मदत मिळत नाही, आणि व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढे पैसे दाखवावे लागतात. इंग्रजीची परीक्षा, बारावीचे गुण आणि कुस्तीचे व्हिडिओ तयार ठेवा. व्हिडिओ मॅटवरचे असू द्या, एक हरलेली कुस्तीही पाठवा. कोचला मुलगा दमल्यावर काय करतो ते बघायचं असतं.

इनामाचा मुद्दा नाजूक आहे. एनसीएएमध्ये हौशीपणाचे नियम आहेत आणि परदेशी विद्यार्थ्याची त्या दृष्टीने तपासणी होते. जत्रेतल्या कुस्तीचं रोख इनाम, चांदीची गदा, कोणा पुढाऱ्याने दिलेली मोटरसायकल, तालमीकडून मिळालेलं खुराकाचं मानधन, यातलं काहीही लपवू नका. आज सगळ्या मैदानांचे व्हिडिओ इंटरनेटवर असतात. तारीख, मैदान आणि रक्कम यांची यादी करा आणि अर्ज करण्याआधीच कॉलेजच्या नियमपालन अधिकाऱ्याला पाठवा. शाळा किंवा बारावी संपल्यावर किती काळ स्पर्धा खेळला, हेही त्या यादीत लिहा, कारण मधल्या वर्षांचा परिणाम कॉलेजातल्या हंगामांवर होऊ शकतो. उत्तर फोनवर घेऊ नका, ईमेलने लेखी घ्या.